लाल कल्ल्याची बोय

हफीजा होडेकरनं दिलेला मासळीचा वाटा कुणी परत केला, असं जेद्दाच्या शराफिया भागातल्या त्या इमारतीत कधी घडलं नव्हतं. घडलं ते एका जुम्म्याला, भर दुपारी, जिन्यात, चार बायका बघत असताना. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर रुचिरानं डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावलं आणि डबा जसाच्या तसा हफीजाच्या हातात ठेवला.

"नको हो हफीजाताई. आणि रागावू नका, पण तुमच्या सुनेला, शबनमलाही देऊ नका हे."

रागावू नका म्हणे! थोबाडीत द्यायची आणि वर विचारायचं, लागलं का? हफीजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटा म्हणजे काय, हे मालवणात जन्मलेल्या या डॉक्टरणीला कुणी सांगायला हवं होतं का? घरात मासळी आली की आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वाटे पडतात, मग घरची चूल पेटते. वाटा घेतला की नातं आहे. परत केला की नाही. इतकं सरळ आहे ते.

"का? काय झालं माझ्या मच्छीला?"

"तुमच्या हाताला काही झालेलं नाही. मासा कुठला ते सांगा. होडेकरकाका गरी कुठे टाकतात?"

जिन्यातल्या चारही बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कोकणातला माणूस एकवेळ दुसऱ्याच्या बायकोचं वय विचारील, पण गरीवाल्याला त्याची जागा विचारणार नाही. जागा सांगितली की बरकत गेली. हफीजाचा बाप आयुष्यभर पागाचं जाळं टाकून जगला, पण कुठल्या खडकाआड टाकतो ते त्यानं सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं. आणि ही पस्तीस वर्षांची पोर भर जिन्यात विचारते!

"घासफूस खाणाऱ्यांनी मच्छीत नाक खुपसू नये," हफीजा म्हणाली.

"मी मालवणची आहे, ताई. बोय मला तुमच्याइतकीच आवडते, म्हणून तर विचारतेय. गटाराचं पाणी जिथे समुद्रात सुटतं तिथे बोय थव्यानं जमते, तिथे ती पोसतेही छान. पण त्या पाण्यातली घाण, पारा, शिसं, काय काय असेल ते तिच्या अंगात साठत जातं. कलेजीत, गाबोळीत, चरबीत. ते उकळून जात नाही, मसाल्यानं मरत नाही. पोटुशी बाईनं हा धोका कशाला पत्करायचा?"

हफीजानं डबा पायरीवर ठेवला. त्यातली सगळ्यात मोठी बोय उचलली, अंगठ्यानं कल्ला वर केला आणि रुचिराच्या डोळ्यांसमोर धरला. लालबुंद होता.

"बघ. कल्ला लाल तर मासा खुशाल. हे माझ्या बापानं शिकवलंय मला, तुझ्या कॉलेजनं नाही. खाई त्याला खवखवे, बाई! आमच्या घशाला अजून तरी काही खवखवलं नाही."

"मासा ताजा आहे एवढंच कल्ला सांगतो," रुचिरा म्हणाली. "तो कुठल्या पाण्यात राहिला ते नाही सांगत." आणि तिनं दार लावून घेतलं.

झालं! त्या दिवसापासून वैर सुरू झालं, आणि हफीजाचं वैर म्हणजे साधं काम नव्हतं.

हफीजा सत्तावन्न वर्षांची. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावात वाढलेली, आठ वर्षांची असल्यापासून मासळी पारखणारी. डोळा पाणीदार हवा, अंग दाबलं तर बोट उठता कामा नये, कल्ला लाल हवा. बाजारात कोळणी तिला दुरून बघूनच शिळी टोपली मागे सरकवायच्या, म्हणत, आली गो बाई परकाराची पोर. ती विशीत असताना खाडीच्या वरच्या अंगाला कारखाने आले आणि एका पावसाळ्याच्या तोंडावर पाणी तांबूस होऊन मासे पांढरी पोटं वर करून तरंगू लागले. गावानं दोन महिने मासळी सोडली. तिचा बाप म्हणाला, मेलेला मासा खाऊ नये हे खरं, पण जिता मासा, लाल कल्ल्याचा, त्याला काय धाड भरलीय? आणि तो खात राहिला. पुढे त्याचे हात थरथरू लागले, पाग फेकता येईना. म्हातारपण म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. तोवर हफीजा लग्न होऊन जेद्दाला आली होती. तिनंही म्हातारपण म्हणूनच सोडून दिलं.

तिचा नवरा ताजुद्दीन. त्याच्याबद्दल काय सांगावं! एकोणतीस वर्षं एका फरशीच्या गोदामात ट्रक चालवला, कफीलच्या, म्हणजे अरब मालकाच्या, पोरांना शाळेत सोडलं, आणलं, कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. मग एके दिवशी गोदाम विकलं गेलं. नव्या मालकानं साठीच्या ड्रायव्हरकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, खलास. मुलानं, मुबीननं, हातापाया पडून एका ओळखीच्या कफीलकडे बापाचा इकामा, तिथे राहण्याचा परवाना, कसाबसा टिकवला. ताजुद्दीन घरात बसला. घरात बसलेल्या पुरुषाचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुबीन कामावरून आला की बापाला ओलांडून आत जाई. शबनम, सून, भारतीय शाळेत शिकवायची, ती सलाम करून निघून जाई. आणि हफीजा? ती तर दिवसभर त्याला पाय उचला, केर काढायचाय, एवढंच म्हणायची. खोटं कशाला बोला, तिच्या जिभेला हाड नव्हतंच.

मग एका थंडीत त्यानं जुनी गरी काढली. दर जुम्म्याला पहाटे फजरची नमाज झाली की खटारा पिकअप घेऊन जायचा, जुम्म्याच्या नमाजेआधी परत. पहिल्याच दिवशी अकरा बोया आणल्या. काय बोया होत्या! हातभर लांब, पाठीला मांसल, पोटात अंड्यांची गाबोळी भरलेली. हफीजानं नऊ वाटे घातले आणि स्वतः घरोघर फिरून दिले. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरचे काझी जिन्यात भेटले आणि म्हणाले, "काय नाखवा, कसा काय दर्या?"

नाखवा! होडीचा मालक. ज्या माणसाला एकोणतीस वर्षं 'ए ड्रायव्हर' म्हणून हाक मारली होती, त्याला नाखवा! ताजुद्दीन त्या दिवशी मान वर करून जिना चढला. तेव्हापासून सगळी इमारत त्याला नाखवा म्हणू लागली. मुबीन बापाजवळ बसू लागला. आणि हफीजाही, आता कबूल करायला हरकत नाही, त्याच्यासाठी सोफ्यावर जागा करून देऊ लागली. मासे कुठून आणता, असं कुणी विचारलं की तो नुसता उत्तरेकडे हात करायचा. "लांब. उघड्या दर्यावर."

आणि तेवढ्यात शबनमला दिवस गेले. लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोनदा राहिलं होतं आणि दोनदा तिसऱ्या महिन्यातच गेलं होतं. या खेपेला तीन महिने सरले तेव्हा हफीजानं आभाराची, शुकराण्याची नफिल नमाज पढली आणि सुनेचं ताट आपल्या हातात घेतलं. कोकणातल्या घरात पोटुशीचा मान ठरलेला असतो. माशाचं डोकं तिचं. गाबोळी तिची. कलेजी तिची. पोराचे डोळे तेज होतात, हाडं घट्ट होतात, डोकं चालतं. हफीजाच्या आईनं तिला असंच खाऊ घातलं होतं आणि मुबीन काय कमी धडधाकट झाला होता?

शबनमला ते आवडत नव्हतं. ती मुंब्र्यात वाढलेली, तिला मासा तळलेला आणि काटे काढलेला लागे.

"अम्मी, प्लीज, डोकं नको. मला उमासे येतात."

"उमासे पोटातल्या पोराचे आहेत, मच्छीचे नाहीत. खा. तोंड उघड."

आणि हफीजा खरोखर भरवायची. भाकरीच्या तुकड्यात गाबोळी दाबून, आधी चिमटीत घेऊन काटा बघून, मगच सुनेच्या तोंडात. दर जुम्म्याला, आणि उरलं तर शनिवारी. तेवीस वर्षांपूर्वी हफीजाची एक मुलगी इथेच जेद्दात जन्मून आठ दिवसांत गेली होती. तिच्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे. ती फक्त भरवत असे.

तर डॉक्टरणीनं वाटा परत केला तो शबनमच्या पाचव्या महिन्यात. हफीजानं त्याच संध्याकाळी फर्मान काढलं की शबनम आता समोरच्या पॉलिक्लिनिकमध्ये रुचिराकडे जाणार नाही. अर्ध्या तासावरच्या दुसऱ्या दवाखान्यात नाव घातलं. तिथली डॉक्टर भली बाई होती, पण तिला ना हिंदी नीट यायची ना शबनमला अरबी, त्यामुळे काय खाता वगैरे प्रश्न तिथे आलेच नाहीत. वजन, रक्तदाब, यल्ला, चला, पुढचा नंबर. हफीजाला ते बरंच वाटलं.

इमारतीतही तिनं कसर ठेवली नाही. ज्या चार बायकांनी जिन्यात ऐकलं होतं, त्यांच्या घरी जाऊन तिनं स्वतः कल्ले उघडून दाखवले. रुचिरानं कुणाकडे दही मागायला आपली पोर पाठवली तर दही संपलेलं असायचं. लिफ्टमध्ये ती शिरली की बायका पदर, दुपट्टे सावरून भिंतीकडे बघायच्या. काझीण तर म्हणाली, तिला आपली मच्छी नको, मग आपला शेजार तरी कशाला? हफीजा गालात हसली. तिला हे असं युद्ध आवडायचं.

रुचिरानं दीड महिना सोसलं. मग एके दिवशी तळमजल्यावरच्या मल्याळी दुकानात, कढीपत्त्याच्या टोपलीपाशी, ती हफीजासमोर उभी राहिली. आता तीही चिडलेली होती. आवाज खाली होता, पण त्यातली गोडी गेली होती.

"मी तुम्हाला जागा विचारणार नाही, ताई. तुमची बरकत तुम्हाला लखलाभ. पण जागा ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याबद्दल एकच विचारते. होडेकरकाका स्वतः ती बोय खातात का?"

"म्हणजे? खात नाहीत तर काय?"

"तुम्ही पाहिलंय?"

"पस्तीस वर्षं संसार केलाय त्यांच्याशी! तू मला शिकवतेस?"

"मग बरंय," रुचिरा म्हणाली आणि कढीपत्ता न घेताच निघून गेली.

हफीजा घरी आली ती बडबडतच. काय उद्धट बाई! घरात पुरुष काय खातो ते हिला सांगायचं! पण भांडी घासताना तिचा हात थांबला. बाईमाणूस ताटं उचलतं. ताट उचलणारीला सगळं माहीत असतं, कुणी मीठ जास्त घेतलं, कुणी भाकरी टाकली, कुणाच्या ताटात किती काटे. तिनं आठवून पाहिलं. मुबीनच्या ताटात काट्यांचा ढीग. शबनमच्या ताटात डोक्याची हाडं. तिच्या स्वतःच्या ताटात शेपटीकडचं, कारण तिला शेपटीकडचंच उरायचं. ताजुद्दीनच्या ताटात? तिला काटे आठवेनात. तिला डाळ आठवली. पित्त झालंय, आज डाळ दे. आज रोजा होता, जड नको, डाळ दे. आज दाढ दुखतेय. प्रत्येक जुम्म्याला काहीतरी होतं आणि प्रत्येक जुम्म्याला तिनं डाळ वाढली होती.

मी मी म्हणणारी मच्छीची पारखी, आणि नवऱ्याचं ताट तिला आठ महिने पारखता आलं नव्हतं.

त्या रात्री ती काही बोलली नाही. हफीजा गप्प बसली की घरातल्यांनी घाबरावं असा नियम होता, पण त्या वेळी तो कुणाच्या लक्षात आला नाही, कारण सगळे येत्या जुम्म्याच्या तयारीत होते. शबनमचा सातवा महिना लागला होता. जुम्म्याच्या जेवणाला तिची ओटी भरायची, चार-पाच घरं जेवायला बोलवायची. शबनमच्या आईनं मुंब्र्याहून हिरवी साडी पाठवली होती.

जुम्म्याच्या पहाटे ताजुद्दीन निघाला. पिकअपचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला आणि हफीजानं मुबीनला हलवून उठवलं.

"ऊठ. गाडी काढ. अब्बांच्या मागे जायचंय."

"अम्मी, काय झालं?"

"काही विचारू नकोस. आणि हॉर्न वाजवू नकोस."

पिकअप उत्तरेला वळली नाही. ती दक्षिणेला गेली. उघडा समुद्र मागे राहिला, कॉर्निशच्या किनारारस्त्यावरची कारंजी मागे राहिली, गोदामं लागली, मग एक ओसाड रस्ता आणि त्याच्या शेवटी भराव टाकलेला किनारा. मुबीननं गाडी दूर उभी केली. उजाडलं होतं. काच खाली केली आणि वास आत आला. हफीजानं काच वर केली नाही.

काँक्रीटचं एक मोठं तोंड होतं, माणूस वाकून आत जाईल एवढं, आणि त्यातून काळपट हिरवं पाणी बदाबदा समुद्रात पडत होतं. जिथे पडत होतं तिथे पाण्याला उकळी फुटल्यासारखं दिसत होतं. ती बोय होती. शेकडो बोया, एकमेकींच्या अंगावर चढून, तोंडं उघडून. जड, पुष्ट, चमकदार. आणि ताजुद्दीन उलट्या बादलीवर बसून, तोंडाला रुमाल बांधून, एकामागून एक काढत होता. इतक्या सोप्या की गरी पाण्यात पडायचाच अवकाश. त्याच्या डाव्या हाताला चार हातांवर एक फलक होता. अरबीत काहीतरी, खाली इंग्रजीत काहीतरी, आणि मधे माशाचं चित्र, त्यावर लाल आडवी रेघ. हफीजाला दोन्ही भाषा वाचता येत नव्हत्या. रेघ वाचता येत होती.

"अम्मी," मुबीन म्हणाला. "बोर्डवर लिहिलंय की..."

"गाडी फिरव."

"अब्बांना सांगूया तरी—"

"फिरव म्हणते ना!"

ताजुद्दीन दहा वाजता आला, नेहमीसारखा मान वर करून. चौदा बोया. हफीजानं डबा त्याच्या हातातून घेतला, स्वयंपाकघराचं दार लावलं. तेरा बोया काळ्या पिशवीत घालून गाठ मारली. एक ठेवली. ती मात्र तिनं जन्मात शिजवली नसेल अशी शिजवली. ओलं खोबरं पाट्यावर, सोलं, त्रिफळं, वरून कोथिंबीर. डोकं अखंड, गाबोळी अखंड, कलेजी वेगळी काढून तुपात परतलेली. पाहुण्यांसाठी मटणाची बिर्याणी होती आणि सांदणं होती.

नमाजेनंतर माणसं आली. बाहेरच्या खोलीत दस्तरखानावर पुरुष, आतल्या खोलीत बायका, मधलं दार उघडं. शबनम हिरव्या साडीत, केसांत मोगऱ्याचे गजरे, मुन्नी नावाची शेजारीण तिच्या हातात बांगड्या चढवत होती. काझींनी बिर्याणीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे काय, हफीजाबी? नाखवाच्या घरी मच्छी नाही?"

"आहे ना," हफीजा म्हणाली. "आज मान नाखवाचा."

ती आत गेली आणि थाळी घेऊन बाहेर आली. बाई पुरुषांच्या दस्तरखानापाशी येत नाही, ती आली. तिनं ताजुद्दीनच्या ताटातली बिर्याणी उचलून बाजूला ठेवली आणि ती थाळी त्याच्यासमोर ठेवली. वाफ येत होती. वास इतका सुरेख होता की काझींनी मान पुढे केली.

"खा."

ताजुद्दीननं थाळीकडे पाहिलं. "मला सकाळपासून पित्त..."

"एकच घास खा. डोक्याकडचा. सगळ्यात चांगला."

"अगं, पाहुण्यांना दे आधी. शबनमला दे."

"शबनमला?" हफीजाचा आवाज चढला. "शबनमनं खाल्लंय पोटभर. चार महिने खाल्लंय. तुमचाच तेवढा राहिलाय वाटा. खा ना, नाखवा! आठ महिन्यांत तुम्हाला जुम्म्यालाच पित्त होतं, जुम्म्यालाच दाढ दुखते! आम्हाला कुणाला झालं नाही ते पित्त. आम्ही बोटं चाटून खाल्लं. तुमच्या नावानं या घराघरांत मी डबे फिरवले, आणि तुम्ही माझ्यासमोर बसून डाळ खात होता!"

मुबीन बापाकडे बघत नव्हता. काझींनी आपल्या ताटावरचा हात मागे घेतला. कशाबद्दल चाललंय ते त्यांना पुरतं कळलं नव्हतं, पण आठ महिन्यांचे वाटे त्यांच्याही घरात शिजले होते.

"मी सकाळी पाहिलं," हफीजा म्हणाली. "तोंडाला रुमाल बांधून बसला होतात. बोर्डाशेजारी."

ताजुद्दीननं थाळी दोन बोटांनी दूर सारली. मग बोलला तेव्हा त्याच्या बोलण्यात माफी नव्हती, राग होता.

"पहिल्यांदा आणली तेव्हा तो बोर्ड नव्हता. रमजानच्या आधी लावला."

"मग सोडायचं होतं!"

"तोवर सगळे मला नाखवा म्हणायला लागले होते!" तो ओरडला. पाहुण्यांसमोर ताजुद्दीन होडेकर पहिल्यांदाच ओरडला. "त्याच्या आधी या घरात मला कोण विचारत होतं? तू? पाय उचला, पाय उचला! दुसरीकडे जाऊन बघितलं, उघड्या दर्यावर दिवसभर बसून दोन मासे मिळतात. दोन माशांचा कसला नाखवा! आणि मी कुणाच्या तोंडात कोंबलं नाही. मी नुसती आणून ठेवत होतो."

"अब्बा," आतल्या दारातून आवाज आला.

शबनम उठून दारात आली होती. बांगड्या अर्ध्याच चढल्या होत्या. एक हात पोटावर होता. ती सासऱ्याकडे बघत नव्हती. ती हफीजाकडे बघत होती, आणि तिनं एवढंच विचारलं, "अम्मी, आता?"

हफीजा वाकून ताजुद्दीनसमोरची थाळी उचलायला गेली, आणि ती तशीच ठेवून सरळ झाली.

पाहुणे कसे उठले, कुणी काय म्हणालं, ते सांगण्यात अर्थ नाही. काझीणीनं जाताना सांदणंही नेली नाहीत. ती थाळी तशीच निवत राहिली. ताजुद्दीन तिच्यासमोर बसून राहिला, आणि त्यानं ती खाल्ली नाही.

रविवारी संध्याकाळी हफीजा शबनमला घेऊन समोरच्या पॉलिक्लिनिकमध्ये गेली. नंबर लागेपर्यंत दोघी एका बाकावर बसल्या, मधे एका माणसाची जागा ठेवून. आत गेल्यावर रुचिरानं मान वर केली, दोघींना पाहिलं, आणि बसा म्हणाली. ताई म्हणाली नाही.

हफीजानं सगळं सांगितलं. दक्षिणेचा किनारा, काँक्रीटचं तोंड, फलक. सांगताना तिनं नवऱ्याला तीनदा शिव्या दिल्या. रुचिरा लिहीत राहिली.

"रक्त तपासायला पाठवते," ती म्हणाली. "पारा आणि शिसं. दहा दिवस लागतील. कदाचित काही निघणारही नाही. निघालं तर त्याचा बाळावर किती परिणाम झाला हे आज कुणीच सांगू शकणार नाही. मीही नाही."

"पण वाचेल ना?" हफीजानं विचारलं.

"ते मला दोन महिन्यांपूर्वी विचारायचं होतं. तेव्हा तुम्ही मला कल्ला दाखवलात."

एरवी तिनं या वाक्याचं असं उट्टं काढलं असतं की भिंतींनी ऐकलं असतं. आज तिनं दुसऱ्या दवाखान्याची फाइल टेबलावर पुढे सरकवली.

रुचिरा शबनमकडे वळली. आता तिचा आवाज मऊ होता. "शबनम, मला नीट सांग. आठवड्यातून किती वेळा? आणि माशाचा कुठला भाग जास्त खाल्लास? नुसतं पाठीचं मांस, की कलेजी, गाबोळी पण?"

शबनमनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं सासूकडे पाहिलं. गेले चार महिने दर ताटाला जसं पाहत होती तसंच पाहिलं.

हफीजा आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होती. जुम्म्याच्या मसाल्याची हळद नखांत अजून होती.

"मी सांगते," ती म्हणाली. "सगळ्यात चांगला भाग. दर वेळी. मीच निवडून तिच्या तोंडात घातला."